मागच्या फाटकाचं पान

चालक : वरची पट्टी नको असेल तर राहू द्या, ताई. खालची द्या. अगदी तळाची. मला मागे उभं राहायची सवय आहे.

आई : प्रश्न वर-खालीचा नाही, दादा. साइटवर जाहिरातीला जागा द्यायची आहे, असं मीच लिहिलंय, ते खरं. पण तुमचं काम म्हणजे...

लेक : शववाहिका म्हण ना, आई. त्यांनी आल्या आल्या स्वतःच सांगितलं.

चालक : काहीही म्हणा हो. आमच्या घरी नुसतं ‘गाडी’ म्हणतात. शेजारी काहीच म्हणत नाहीत, बाजूला होतात.

आई : तुम्ही बसा आधी. मघापासून उभेच आहात.

चालक : कुठे बसू? काही लोकांना चालत नाही, म्हणून विचारून बसतो.

लेक : आमच्याकडे चालतं. थांबा, खुर्चीवरचे कागद उचलते. आईच्या संसारात बसायला जागा नाही, तिथे जाहिरातीला कुठून असणार!

आई : हिच्याकडे लक्ष देऊ नका. माझी साइट कोण वाचतं, सांगू? ज्याच्या माणसाला आत्ताच आत नेलंय, तो. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला असतो, फोनची बॅटरी संपत आलेली असते. केसपेपर कुठल्या खिडकीवर मिळतो, रक्तपेढीला कुठला जिना जातो, एवढंच त्याला हवं असतं. आणि त्याच्या डोळ्यांपुढे मी तुमचा नंबर ठेवू?

चालक : वाचलीय मी तुमची साइट. सतराच्या सतरा पानं. ‘पाचव्या मजल्यावरच्या नळाचं पाणी पिऊ नका’, हे तर तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

लेक : ते बाबांच्या आजारपणातलं संशोधन. आठ दिवस पोट धरून बसली होती.

आई : आतापर्यंत दोघे येऊन गेले, दादा. पहिला सगळ्या आजारांवर एकच पूड विकत होता. दुसऱ्याचं लॉज होतं. त्याची अट अशी की, नातेवाइकांना रात्री कुठे आडवं होता येतं, ते पान आम्ही काढून टाकायचं. फुकट झोपायला मिळालं तर त्याच्या खोल्या कोण घेणार?

चालक : म्हणजे त्यातल्या त्यात मी बरा.

आई : बरे आहात, म्हणून तर नाही म्हणणं जड जातंय.

लेक : आई, मग साइट बंद करायची. ठरलंय आपलं.

आई : तुझं ठरलंय.

लेक : गुडघे तुझे आहेत, म्हणून मला ठरवावं लागलं. सहा वर्षं, दादा, ही आठवड्यातून तीनदा तिथे जाते. कुठली खिडकी हलली, कुठलं काउंटर बंद झालं, लिहून आणते. आता जिना चढताना प्रत्येक पायरीवर कठड्याला धरून उभी राहते. जाहिरात मिळाली तर ह्या फेऱ्यांना कुणीतरी ठेवता येईल. इतकाच हिशोब आहे.

आई : चुकीची माहिती देण्यापेक्षा बंद केलेली बरी, हे मीही म्हणते. पण धीर धरून आलेल्या माणसाला पहिल्याच पानावर...

चालक : पहिल्या पानावर मागतोय कोण? ताई, मी वॉर्डबॉयला वाटा देत नाही, म्हणून माझं नाव आत कुणी घेत नाही. दलाल माणसाला रडताना गाठतो आणि तिप्पट भाडं सांगतो. रडणारा माणूस घासाघीस करत नाही. माझी गाडी आठ-आठ दिवस उभी असते. धुतो, पुसतो, परत उभी. तुमच्या साइटवर नंबर असला तर निदान त्या माणसाला दुसरा भाव तरी कळेल.

लेक : हे मात्र खरंय, आई.

आई : खरंय. कळतंय मला.

चालक : रागावणार नसाल तर एक बोलू? तुमचं शेवटचं पान आहे, ‘घरी जाताना’. औषधं तपासून घ्या, टाके काढायची तारीख विचारा, चाकाची खुर्ची परत केल्याशिवाय अनामत मिळत नाही. सगळं आहे. तुमच्याकडे सगळे घरीच जातात. मी बारा वर्षं तिथे आहे, ताई. सगळे जात नाहीत.

आई : ते मला ठाऊक नाही, असं वाटतं तुम्हाला?

लेक : दादा, आमचे बाबाही...

आई : तू गप्प बस.

लेक : सहा वर्षं बसले ना गप्प! आम्ही पुढच्या दारात उभे होतो, दादा. तीन तास. आईला वाटलं, जिथून आत नेलं तिथूनच बाहेर आणतात.

चालक : पुढच्या दारात? अहो, तिथे गाडी येतच नाही. येणाऱ्या पेशंटांना दिसू नये म्हणून सगळं मागच्या फाटकातून.

लेक : आम्हाला कुणी सांगितलं नाही. शेवटी काका शोधत शोधत मागे गेले.

आई : दिसू नये, हे बरोबरच आहे. मीही तेवढंच केलं.

चालक : हॉस्पिटल मला मागे उभं करतं, ताई. तुम्ही तर फाटकच बुजवलंत.

(आत कपडे धुण्याचं यंत्र फिरायचं थांबतं.)

आई : त्या दिवशी पुढच्या दारात बाकावरच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. त्यांचा भाऊ अजून वरच होता. मला पिशव्या घेऊन उभी बघून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, ‘मिळाला का डिस्चार्ज?’ मी हो म्हटलं.

लेक : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

आई : त्यांचा धीर मोडवेना. तेव्हापासून साइटवर तेच उत्तर आहे.

चालक : तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी.

आई : मी म्हणतेय ना. मागच्या फाटकाचं लिहायला दोनदा बसले, उठले. आठवड्यातून तीनदा जाते, पण त्या बाजूला पाय वळत नाही. ह्यांना दीर घेऊन गेले. मी पुढच्या दारानेच घरी आले.

चालक : मग जाहिरातीचं राहू द्या. पान तेवढं लिहा.

लेक : का राहू द्या? पान झालं की नंबर तिथेच जाईल. ज्याला लागेल तोच तिथवर पोचेल. काय, आई?

आई : गाडीचं चित्र नको. आणि भाडं आकड्यात लिहायचं.

चालक : कबूल. पण जागेचे पैसे घ्यायचेच. फुकट दिलीत, तर दलाल म्हणतील, बाईंच्या नात्यातला निघाला.

आई : घेईन. ती वही दे गं इकडे. आणि चष्मा. हं, सांगा दादा, जायचं कसं?

चालक : मोठ्या लिफ्टने तळघरात. डावीकडे लांब बोळ आहे. शेवटी निळं दार, त्याच्या पलीकडे फाटक. दारावर काही लिहिलेलं नाही. घंटी दोनदा दाबायची, एकदा दाबलेली आत ऐकू जात नाही.

आई : दोनदा... कागद कोणते लागतात?

चालक : डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि नेणाऱ्याचं ओळखपत्र. प्रमाणपत्रावरचं नाव तिथेच वाचून घ्यायचं. चुकलं तर नंतर महिनाभर खेटे.

आई : बसायला?

चालक : एक बाक आहे. तिघांपुरता.

आई : आणि पाणी?

चालक : नळ नाही तिथे. माझ्या गाडीत बाटल्या असतात. कुणाच्याही माणसांना देतो.

आई : हे लिहू?

चालक : लिहा की.

आई : झालं सगळं. पहिली ओळ तेवढी राहिली. तिथेच अडते मी. त्या माणसाला पहिल्यांदा म्हणायचं काय?

चालक : मी तर प्रत्येकाला एकच म्हणतो, ताई. आधी बसा. आता कसलीच घाई नाही.