ह्यांच्या मशीनचा नंबर

(वारजे, २००९. संध्याकाळचे सहा. जेवणाच्या टेबलावर नवा लॅपटॉप, त्याच्यापुढे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बिलाल. मंदाकिनीबाई बाजूला उभ्या. बरेच दिवस त्या कुणाशी धड बोललेल्या नाहीत. आज नाइलाज आहे.)

बिलाल : वायफाय पकडतंय काकू, पण हा पिवळा त्रिकोण बघा. ‘लिमिटेड’ म्हणतोय. राउटरपर्यंत पोचतंय, पुढे जात नाही.

मंदाकिनी : त्रिकोण मी गुरुवारपासून बघतेय. तो दाखवायला तुम्हाला बोलावलं नाही.

बिलाल : राउटरचा पासवर्ड लागेल. काकांना हाक मारता का?

मंदाकिनी : गेले ते. अकरा दिवस झाले.

बिलाल : या अल्लाह... काकू, मला कुणी बोललंच नाही. हा राउटर मीच बसवलेला.

मंदाकिनी : कुणाकुणाला कळवणार? पासवर्ड त्या कॅलेंडरच्या मागे लिहिलाय. परवा तेरावा आहे. मुलगी अमेरिकेत, व्हिसाचे कागद अडकलेत, तिला निघता येत नाही. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही तिला. निदान परवाचं तरी यावर दिसायला हवं.

बिलाल : दिसेल. हे आकडे इथे कुणी भरले?

मंदाकिनी : मी. आतल्या खोलीत ह्यांचं मशीन व्यवस्थित चालत होतं, मग त्यातलेच बघून इथे भरले. एकही चुकवला नाही. तीनदा पडताळलेत.

बिलाल : चुकवला असतात तर बरं झालं असतं. प्रत्येक मशीनला स्वतःचा वेगळा नंबर लागतो. तुम्ही काकांच्या मशीनचाच नंबर याला दिलात, म्हणून दोन्ही अडकलीत. पण म्हणजे... ते अजून चालू आहे?

मंदाकिनी : आहे. ह्यांनी सोडलं तसं.

बिलाल : अकरा दिवस?

मंदाकिनी : इन्व्हर्टर आहे.

बिलाल : मग काय, सोपं आहे. ते बंद करतो, की हे लगेच—

मंदाकिनी : त्याला हात लावायचा नाही.

बिलाल : दोनच मिनिटं काकू.

मंदाकिनी : सांगितलं ना. ह्यांच्या नावाने लावलेला दिवा जाऊबाई बघतात. त्यात तेल कधी घालतात, मला ठाऊक नाही. मी एवढं एकच बघते. दाराशी जाते, मशीनचा पंखा फिरतोय का ऐकते, परत येते.

बिलाल : अम्मी गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं होतं. रडू आलं ते महिन्यानं.

मंदाकिनी : मला येतच नाही. लोक येतात, रडतात. मी पाणी आणून देते.

बिलाल : राहू दे ते चालू. यालाच नवा नंबर देतो. आपोआप मिळेल असं करू?

मंदाकिनी : आपोआप नको. ह्यांना खपायचं नाही. ‘आपोआप म्हणजे कुणाचीच जबाबदारी नाही,’ म्हणायचे. हातानेच भरा.

बिलाल : बरं. त्यांचा शेवटचा आकडा दोन, याचा तीन... गेला त्रिकोण. लावा मुलीला.

मंदाकिनी : प्रियदर्शनी? दिसतेय का मी?

प्रियदर्शनी : दिसतेस आई! किती वाळलीस गं. अगं थांब... बाबा ऑनलाइन आलेत.

मंदाकिनी : काय बोलतेस?

प्रियदर्शनी : म्हणजे त्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका. आत्ता परत लागला.

बिलाल : ताई, काकांचं मशीन चालूच आहे. अडकलं होतं, आता सुटलं.

प्रियदर्शनी : चालू आहे ते मला माहितीये. पहिल्या दिवसापासून बघतेय. ऑफिसला निघताना बघायचं, आल्यावर बघायचं. गुरुवारी तो ठिपका गेला. आई, तोपर्यंत मी रडलेच नव्हते. पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. वाटलं, तू बंद केलंस. आणि बरं केलंस, असंही वाटलं.

मंदाकिनी : मी नाही केलं. माझ्याकडून नंबर चुकला.

प्रियदर्शनी : परवा करशील? मी असेन समोर.

मंदाकिनी : ...बिलाल, परवा जेवायला या तुम्ही.

बिलाल : येतो काकू. ते बंद करायचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका.

मंदाकिनी : बंद मीच करीन. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा.