अनंतराज काय मरत न्हाई

...आन् अमृत ठेवलंय कशात, म्हाईत हाय? किटलीत! आवं, देवादानवांनी मंदार पर्वताची रवी केली, वासुकीची दोरी केली, घुसळून घुसळून समदे घामाघूम झाले, शंकराच्या नरड्यात हलाहल गेलं, तवा कुटं ते अमृत वर आलं, आन् ह्या मालिकावाल्यांनी ते ठेवलंय डेअरीला दूध घालायच्या किटलीत. वरनं सोनेरी रंग मारलाय, आत पिवळा बल्ब सोडलाय. बल्बची वायर दिसतीया हो. मला दिसतीया, आमच्या बनुबाईला दिसत न्हाई. "आवं, ती वासुकीची शेपूट हाय," म्हनती.

बनुबाई म्हंजे आमची मालकीन. आमी कोरेगावचं, मी नानासो, पलटनीतनं हवालदार म्हनून रिटायर झालो. चोवीस वर्सं देशाचं रक्षान केलं, आन् आता साडेसहा ते सात माज्याच घरात मला कुनी च्या इचारत न्हाई. का? तर अनंतराज लागलाय. मालिकेचं नाव बी अनंतराज, हिरोचं नाव बी अनंतराज, दुसरं सुचलंच न्हाई कुनाला. तर ह्या अनंतराजच्या खापर-खापर-पंजोबाच्या तोंडात समुद्रमंथनाच्या येळंला चुकून अमृत उडालं. म्हंजे मोहिनी वाढत हुती, आन् हे पंजोबा पंगतीत घुसलं हुतं. फुकट जेवनारं घरानं हो, दुसरं काय! तवापास्नं ह्येंच्यात कुनी मरत न्हाई.

तुमाला सांगतो, किती येळा मेला त्यो! पयल्यांदा तलवार घुसली, ह्या बाजूनं त्या बाजूला. उठला. मग सख्ख्या आत्यानं बासुंदीतनं इख घातलं... ही आत्या म्हंजे राहू बरं का, राहू, नथ घालून आलाय... वाटी चाटून पुसून खाल्ली, उठला. मग पाचगनीच्या टेबललँडवरनं ढकलला. त्या शूटिंगला आमच्या हितनं दोन टेंपो भरून बाया गेल्या हुत्या, सोबत डबं बांधून. दरीत पडला, आपटला, वर आला, भांग सुदीक मोडला न्हाई. सातशे भाग झालं. मरंल तर शपथ.

मी बनुबाईला म्हनलं, अगं, पुरानात चिरंजीव सात. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम. मार्कंडेय धरा पायजे तर, आठ. ह्यो नववा कुटनं काढला, आन् त्यो बी जीम लावलेला? आन् अमर हुनं म्हंजे काय बक्षीस हाय व्हय? अश्वत्थाम्याला इचार जा. कपाळाला जखम घिऊन फिरतंय बिचारं, दारोदार तेल मागतंय, पाच हजार वर्सं झाली. तर ती म्हनती, "आवं, त्यो बी येऊन गेला की आपल्या मालिकेत. चारशे बाराव्या भागात. तेल मागाय आला हुता, अनंतराजनं दिलं." महाभारताला बी ह्येंनी पाव्हनं म्हनून बोलवून घेतलं.

आता त्या दिवसाचं सांगतो. मे म्हैना. महाएपिसोड. मोहिनी सोता येनार, अनंतराजच्या गळ्यातनं अमृत परत काढून घेनार, आज त्यो नक्की मरनार, असं आठ दिस बोंबलत हुते. आन् नेमकं सव्वासा वाजता चित्र गेलं. बनुबाईनं मला चढवलं स्लॅबवर, डिश फिरवाय. ती खालनं वरडतीया, "उजवीकडं... आजून... आलं... गेलं... आवं, आलं हुतं की!" मी दोन हातांनी ती छत्री धरून वाकलोय, आन् वरनं आला कावळा, माज्या टकलावर बसला, दोन पावलं चालला बी, आन् गेला.

बास. कावळा शिवला.

चित्र आलं तसा खाली आलो, सहज म्हनलं, कावळा बसला गं डोस्क्यावर. बनुबाईच्या हातातलं रिमोट पडलं. तुमाला म्हाईतच हाय आपल्याकडची रीत. कावळा डोस्क्याला शिवला की मानूस मेल्याची खोटी बातमी पै-पावन्यांत धाडायची. त्येंनी खरं समजून रडायचं. रडनं ऐकलं की यमाला वाटतं, हितलं काम झालंय, त्यो म्होरच्या घरला जातो, आन् आपलं आयुष्य वाढतं. मग सांगायचं, जिता हाय म्हनून. आन् ही रडारड दीस बुडायच्या आत व्हाय पायजे, असं बनुबाईचं म्हननं.

मी म्हनलं, खुळी हायस का? हिमालयात बरफात ऱ्हायलेला गडी मी, कावळ्याला भितो व्हय? म्हनलं खरं... पन आमच्या थोरल्या भावाला शिवला हुता, त्येनं हसन्यावारी न्हेलं, आन् म्हैन्यात गेला. डोस्क्यावर त्या कावळ्याची नखं लागल्याली, तितं गार लागाय लागलं. भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हनलं, लाव फोन.

पयला फोन माज्या सख्ख्या भनीला. आक्काताई, कवठे महांकाळला दिलीया. मला सोप्यावर आडवा घातला, वरनं चादर. बनुबाईनं फोन स्पीकरवर टाकला, मला दम दिला, "खोकू नगा, मेलेला मानूस खोकतो व्हय?" आन् घड्याळात वाजलं साडेसा.

बनुबाई बारीक आवाज काढून म्हनती, "आक्का... तुमचं नाना गेलं हो."

तिकडनं आक्का, "कुटं?"

"गेलं म्हंजे... वारलं."

"आगं बया... कवा?... वैनी, दम धर जरा, ती मोहिनी आत्ताच पालखीतनं उतरलीया. बिरेक लागू दे, मग बोलते." ठेवला!

मी चादरीतनं डोकं भाईर काढलं. म्हनलं, नावाची आक्का, पन माजी पाठची भन, हिला मी खांद्यावर बसवून जत्रा दावली, मी मेल्यावर हिला बिरेक लागाय पायजे? बनुबाई म्हनती, "आडवं व्हा." तिचा एक डोळा टीव्हीवर. तिकडं अनंतराज बी आडवाच झाल्याला. आमच्या घरात दोन मयत, आन् बायकू बगतीया कुनाकडं?

दुसरा फोन गुंडाला. चुलतभाऊ माजा, दोन गल्ल्या पलीकडं ऱ्हातो. "नाना गेला? अरारारा... लय वंगाळ झालं... आलोच बग, हे संपलं की." आजून आला न्हाई. आज बारावा दीस. मी खरंच गेलो असतो तर उद्या तेरावं असतं.

तिसरा फोन बिराप्पाला. ह्यो माज्या पलटनीतला, गाव त्येचं कवठे महांकाळच्या फुडं, घरात मेंढरं. एका तंबूत झोपलो, एका ताटात जेवलो. मला वाटलं, ह्यो तरी रडंल. बनुबाईनं सांगितलं. तिकडं गप. शब्द न्हाई, हुंदका न्हाई, कायच न्हाई... आन् फोन कट. घ्या! म्हनलं, मेंढरं राखनारा गडी, ह्यो बी अनंतराज बगतोय!

दीस बुडाय आला. खिडकीतनं बगतोय, लाल झाल्यालं ऊन भिंतीवरनं वर वर सरकतंय. कुनी रडंना. तुमाला सांगतो, तवा कावळ्याचं भ्या गेलं आन् दुसरंच लागलं. साठ वर्सं जगलो, तीन फोन झालं, आन् एकाच्या डोळ्याला पानी न्हाई. म्हंजे मी जगत हुतो तरी कुनाच्यात?

सातला दोन मिन्टं कमी, आन् फोन वाजला. आक्काताई! आन् काय रडती हो, काय रडती... हंबरडा! "आता कसं हुयाचं गं वैनी... सोन्यासारका गडी... डोळं मिटलं गं त्येनं..." मला ऱ्हावलं न्हाई. माजं बी डोळं भरलं, सांगाय लाज न्हाई. चादर फेकली, फोन हिसकून घेतला, म्हनलं, "आक्का, नगं रडू, मी हाय गं, जिता हाय!"

हंबरडा थांबवून म्हनती, "कोन, नाना? तू हायस व्हय? बरं झालं रं... पर त्यो गेला की रं, अनंतराज!" आन् परत हंबरडा.

बगतो तर हिकडं बनुबाई पदर तोंडाला लावून हमसतीया. म्हनलं, अगं ही त्येच्यासाठी रडतीया! तर डोळं पुसत म्हनती, "आसू दे की. दीस बुडायच्या आत रडली, फोन तुमच्या नावानं झाल्याला. चालतंय." आन् ह्या दुक्खात बिराप्पाला खरं काय ते कळवायचं ऱ्हाऊनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात बसून च्या पितोय, तर बोळाच्या तोंडाला बिराप्पा. पयली यष्टी धरून आल्याला, खांद्यावर घोंगडं, हातात हार. मला बगितलं आन् जाग्यावर थांबला. "यप्पा..." म्हनला, आन् हाराची पुडी खाली पडली. जवळ आला, माजं त्वांड दोन हातांनी चाचपलं, मग मिठी मारली, मग आईवरनं शिवी दिली, मग पायरीवर बसून असा रडला, असा रडला... आमी ग्लेशियरवर तीन मानसं गमावली तवा बी ह्यो रडला नव्हता. म्हनला, "फोनवर बोलायाच आलं न्हाई रं नान्या, नरडं बंद झालं." म्या कसा त्येच्याविषयी वंगाळ बोललो, माजं मला वाटलं.

मी छाती फुगवून आत हाक मारली. म्हनलं, ये बनुबाई, बग, ह्येला म्हंत्यात रडनं! तर ती हात पुसत आली, बगितलं, आन् म्हनती, "दीस बुडून गेला की कालच. आन् जित्याला बगून रडलं तर त्ये धरत न्हाईत. घ्या भावजी, च्या घ्या."

म्हंजे खरा रडला त्यो धरला न्हाई, आन् खोट्यासाठी रडली ती चालली. बरं, चालली म्हनावं, तर त्याच दिवशी साडेसाला काय झालं? अनंतराजनं डोळं उघडलं! किटलीच्या तळाला म्हनं अमृत शिल्लक हुतं. मी डोस्क्याला हात लावला. मरंल तर शपथ!

आन् तवा माज्या टकुऱ्यात उजेड पडला. आवं, त्यो मरंल कसा? रीत काय हाय आपली? खोटी मरनाची बातमी धाडायची, लोकांनी खरं रडायचं, आयुष्य वाढतं. मग त्येच्या तर दर पंध्रा दिसाला बातम्या हायत, आन् साताऱ्या-सांगलीतल्या समद्या बाया रडत्यात! त्येला अमृत कशाला पायजे? आमच्या आक्काचं रडनं बी त्येलाच लागू पडलं, मी चादरीत नुसताच पडून ऱ्हायलो.

आता मी भांडत न्हाई. रोज साडेसाला गप बनुबाईशेजारी जाऊन बसतो. त्येच्यासाठी तिचं डोळं भरून आलं की हळूच तिच्या म्होरं सरकतो, आन् टक्कल खाली धरतो... म्हनतो, पडलं एकादं आसू चुकून आपल्यावर, तर पडलं.