कॉम्प्युटरात निघालेली हळद

गड्यांनो, माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या रेसचा गेम का अडकतो, हे शोधायला मी महिनाभर डोकं खाजवलं. पहिली पाच मिनिटं गाडी सुसाट, मग थेट बैलगाडी. रॅम वाढवली, फॉरमॅट मारला, तरी तेच.

हा कॉम्प्युटर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाळूशेठकडनं जुना घेतलेला. शेठची सांगलीत हळद दळायची गिरणी. देताना ते म्हणाले होते, "लय जपून वापरलाय. घरी पोरीच्या अभ्यासाला होता. गिरणीचं तोंड बघितलं न्हाई त्यानं."

शेवटी रविवारी मी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्यावर पिवळा जाड थर! पंखा जेमतेम फिरायचा, आणि मशीन तापलं की आपोआप हळू व्हायचं.

"आवं आप्पा, आपल्या घरातली हळद हितं कशी गेली?"

आप्पांचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात हळद पारखण्यात गेलेलं. त्यांनी चिमूट उचलली, तळहातावर चोळली, नाकाशी नेली.

"आपल्या घरातली न्हवं ही. असं जाड दळण एकाच गिरणीचं असतंय."

मी ब्रशनं सगळं झाडलं. अर्धा तास गेम खेळलो, एकदाही अडकला न्हाई. तवर आप्पांनी शेठना फोन लावलेला.

"काय आप्पा, कॉम्प्युटर पळतोय न्हवं?"

"आता पळतोय की. पण शेठ, तुमची पोरगी अभ्यासाला गिरणीत बसायची व्हय?"