वास नाही, असं मीच सांगितलं

नाव सलुआ जराया, वय ४६ वर्षे, व्यवसाय घाण्यांच्या सहकारी संस्थेत ऑलिव्ह तेलाचा वास व चव तपासणे, राहणार हंशीर तूत, जिल्हा स्फाक्स. आज ११ डिसेंबर रोजी सकाळी ९.२० वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

घाण्यांतून निघणारं काळं पाणी पूर्वी उघड्या तळ्यात सोडत. त्यानं विहिरी नासल्या, म्हणून संस्थेनं गावाबाहेर पाच किलोमीटरवर बंद टाक्या बांधल्या. तिथं ते पाणी लेंडीखतात कुजवून गॅस काढतात आणि त्या गॅसवर घाण्यांची वीज तयार होते. माझा धाकटा भाऊ लझहर तिथं कामाला आहे. मोठ्या टाकीत गाळ बसून गॅस कमी झाला होता. टाकी उपसून आज दहा वाजता लझहरनं तळचा गाळ काढायला आत उतरायचं ठरलं.

गॅस मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं आहे, ते शुक्रवारी येईल. हंगाम ऐन भरात असल्यानं तोवर थांबायला कोणी तयार नव्हतं. व्यवस्थापक मुन्सिफ यांनी मला सकाळी सातला टाकीवर बोलावलं. म्हणाले, "यंत्र गेलं खड्ड्यात, सलुआताई. तुमच्या नाकापुढं त्याची काय मिजास!" मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

लझहर म्हणाला, "ताई, जन्मभर नाकानं कांदे सोललेस, आज भावाच्या उपयोगी पड."

झाकण उघडल्यावर पहिल्या श्वासाला सडक्या अंड्याचा वास आला. तिसऱ्या श्वासाला काहीच नाही. मी पुन्हा वाकून पाहिलं, तरी काही नाही. मला वाटलं, हवा शिरली, निवळलं. लझहरनं विचारलं, "मग उतरू ना?" मी म्हटलं, "वास नाही. उतर बिनघोर." हे शब्द माझे आहेत, मुन्सिफ यांचे नाहीत. तसंच लिहावं.

साडेआठला मी गावात संस्थेच्या खोलीत तेल तपासायला बसले. पहिल्या पेल्याला वास नव्हता. दुसऱ्यालाही नव्हता. घोट घेतला तर घसा जळला, म्हणजे तेल ताजं होतं, वास यायलाच हवा होता. मग कॉफी हुंगली, शेवटी माझ्याच बाहीला लागलेला टाकीचा चिखल हुंगला. कशालाच वास नव्हता. मी घाबरले.

टाक्या उभारणाऱ्या इंजिनिअर रीम यांना स्फाक्सला फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "आधी आला आणि मग गेला?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "ताई, हा गॅस आधी नाक मारतो, मग माणूस. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं. कोणाला उतरू देऊ नका."

ठिणगीच्या भीतीनं कामगारांचे फोन फाटकावर जमा असतात. मुन्सिफ यांना अकरा फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. हंगामात बाकीच्या गाड्या मळ्यांवर असतात, गावात गाडी फक्त ठाण्याची आहे, म्हणून इथं आले. अंमलदार बशीर म्हणाले, "लेखी तक्रारीशिवाय त्या फाटकात पाय ठेवणार नाही, बाई. मागच्या खेपेला वरून माझीच हजामत झाली." मी तीनदा म्हटलं, आधी निघा, वाटेत लिहा. ते म्हणाले, "दोन ओळींचं काम आहे." दोन ओळींचं पान झालं आहे. मला त्यांचा संताप येतो आहे आणि त्याहून जास्त माझा.

आता ९.४६ वाजता मुन्सिफ यांचा फोन आला. तो अंमलदारांनीही ऐकला. मुन्सिफ म्हणाले, "अहो ताई, किती ती काळजी! दहापर्यंत कशाला थांबायचं? लझहर उतरलासुद्धा. आतून ओरडून सांगितलंन, वास मुळीच नाही, ताईचं नाक म्हणजे नाक!"

मी म्हटलं, "दोर ओढा. त्याला वर ओढा."

"दोर कुठला? शिडीनं गेलाय. थांबा, हाक मारतो." त्यांनी खिडकीतून हाक मारली. मग पुन्हा मारली. तिसरी हाक फार मोठ्यानं मारली. फोनवर दुसरा आवाज आला नाही.

मुन्सिफ म्हणाले, "चक्कर आली असेल. मीच उतरून बघतो." मी नको नको म्हणून ओरडले. फोन टेबलावर ठेवल्याचा आणि दार वाजल्याचा आवाज आला.

जबाब मला वाचून दाखवू नका. सांगितलं तेच लिहिलं आहे, एक शब्दही कमीजास्त नाही. ही सही केली. गाडी काढा.