चौकीची बादली

चौकीदार : ‘माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, तारेकडे बघायचं.’ पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला हे सांगितलं होतं, वहिनी. पक्कड हातात दिली आणि म्हणाले, तोंडाकडे बघशील तर साखळी सोडशील.

वहिनी : म्हणून मघापासून माझ्याकडे बघत नाही होय?

चौकीदार : बघवत नाही, ते वेगळं.

वहिनी : मग तारेकडे बघा.

चौकीदार : तार कुठाय? हा तर दोरा आहे. लाल.

वहिनी : उशीचे अभ्रे शिवायचा. तारेची जागा रिकामी बरी दिसेना, म्हणून बांधला.

(तळ्याकाठची चौकी. बोटी उतरवायच्या उताराला साखळीचं फाटक. फाटकाबाहेर एक टेंपो, त्याच्यामागे ट्रॉलीवर बोट. टेंपोत गादीवर मास्तर डोळे मिटून पडलेले. पूर्वी ही चौकी त्यांचीच होती.)

चौकीदार : मोसम संपला तेव्हा मीच तार ओवली होती, बोटीच्या कडीतून ट्रॉलीत. ती शाबूत असेल तर बोट दुसऱ्या कुठल्या पाण्यात उतरलेली नाही, एवढंच आम्हाला बघायचं असतं. तोडली कुणी?

वहिनी : मी. यांना बोटीत निजवायचं, आणि बुडाला शेवाळ, कोळ्यांची जाळी. उलटी केल्याशिवाय धुता येईना. कात्रीनं तुटेना, तेव्हा यांचीच पक्कड घेतली. शेजारच्यांनी हात लावला, पालथी घातली आणि घासूनपुसून लख्ख केली. नळाच्या पाण्यानं हो. दुसरं तळं त्या बोटीनं बघितलेलं नाही.

चौकीदार : मास्तरांच्या घरात जन्म काढलात तुम्ही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

वहिनी : ठाऊक होतं. त्या वेळी आठवलं नाही. डोक्यात एकच होतं, यांच्या अंगाला काही खरचटू नये. आताशा चादरीची सुरकुतीसुद्धा टोचते त्यांना.

चौकीदार : आता महिनाभर उन्हात वाळवायची, मग तपासायची, मग नवी तार. नियम असा आहे.

वहिनी : महिन्याचं कुठलं घेऊन बसलात, भाऊजी. डॉक्टर आता उद्याचंसुद्धा बोलत नाहीत.

चौकीदार : चौकीची बोट देतो. ती इथलीच आहे.

वहिनी : त्या अरुंद बोटीत बसावं लागतं. यांना बसवतं कुठे? म्हणून तर यांनी आमच्या बोटीत आडवी फळी ठोकून घेतली, अंथरुणात पडल्या पडल्या. सुतार मला म्हणाला, एवढ्या शिव्या देणारा माणूस आजारी कसा म्हणायचा?

चौकीदार : अजून देतात?

वहिनी : परवापर्यंत देत होते.

चौकीदार : चहा घ्या थोडा. थरमासात आहे.

वहिनी : बिनसाखरेचा असेल तर.

चौकीदार : का? तुम्हालाही साखरेचा त्रास सुरू झाला की काय?

वहिनी : छे हो. नेम धरलाय. दवाखान्यातून यांना घरी आणलं, त्या रात्री म्हणाले, एकदा मला पाण्याला टेकव. मी म्हटलं, टेकवीन. तोवर चहात साखर घालायची नाही असं ठरवलं. सकाळचा पहिला घोट कडू लागला की आठवतं, अजून राहिलंय.

चौकीदार : देवापुढे बोललात तसं?

वहिनी : वेगळं काय बोलायचं? त्यानं ऐकलंच असेल. घरातच तर असतो.

चौकीदार : वहिनी, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण त्या परक्या शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत हो. बुडाशी वाटीभर पाणी राहिलं तरी त्यांना पुरतं. पलीकडच्या तळ्याचं काय झालं बघा. काठाला शिंपल्यांचा खच, ब्लेडसारखे. पोरं बूट घालून पाण्यात उतरतात. पाणी आरशासारखं नितळ, आणि मासा म्हणाल तर औषधाला नाही.

वहिनी : मला सांगता? ज्या दिवशी ते तळं गेलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. घरातलं कुणी गेल्यासारखे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

चौकीदार : आणि त्यांनी स्वतःच्या धाकट्या भावाला परत पाठवलं, तेव्हा मी इथेच होतो. याच फाटकात. मागे गाड्यांची रांग. त्यांच्याही बोटीची तार निघालेली, बुडाशी ओल. ते म्हणत होते, दादा, पावसाची ओल आहे, मी पलीकडे फिरकलोही नाही. मास्तरांनी साखळी काही काढली नाही.

वहिनी : दीर जाताना म्हणाले, आता तारेलाच भाऊ म्हण. तेव्हापासून उंबरा चढले नाहीत. गेल्या वर्षी ते गेले. हे शेवटचं बघायला म्हणून गेले, तर पुतण्यानं दार लोटून घेतलं. परत येऊन मला म्हणाले, दाराची बिजागरी कुरकुरते त्यांच्या, तेल घालायला पाहिजे.

चौकीदार : बास. मला नाही ऐकवत. ती खिळ्यावरची पक्कड द्या इकडे.

वहिनी : काय करताय?

चौकीदार : तार बांधतो. तार होती, मी बघितली, आत सोडलं. कुणी विचारलं तर बघून घेईन.

वहिनी : नोकरी जाईल तुमची.

चौकीदार : गेली तर गेली. ज्यांनी ती दिली त्यांच्यासाठी जाईल. टेंपोवाल्याला हाक मारा, गाडी उलटी घ्यायला सांगा. मी साखळी काढतो.

मास्तर : साखळी कोण काढतंय?

वहिनी : अगंबाई. जागे आहात?

मास्तर : ह्या साखळीच्या आवाजानं मी सरणावरूनसुद्धा उठेन. कोण आहे?

चौकीदार : मी आहे, मास्तर. तुम्हाला आत घेतोय.

मास्तर : तार बघितलीस?

चौकीदार : बघितली.

मास्तर : खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो, लेका. पहिल्यापासून.

वहिनी : त्यांना नका बोलू. तार मी तोडली. बोट धुताना.

मास्तर : ठाऊक आहे.

वहिनी : कसं?

मास्तर : खाटेवरून खिडकीतलं सगळं दिसतं. पक्कड उलटी धरली होतीस.

वहिनी : मग हाक मारायची होतीत. थांबवायचं होतं मला.

मास्तर : गुणगुणत होतीस गं. बोट घासता घासता. किती दिवसांनी. म्हटलं, घासू दे.

वहिनी : आणि आज निघताना तरी सांगायचं. एवढा खटाटोप कशाला करू दिलात?

मास्तर : सांगितलं असतं तर इथवर आणलं असतंस? तळं तरी दिसलं.

चौकीदार : मास्तर, एकदाच. बोट कोरडी ठणठणीत आहे, मला ठाऊक आहे ना.

मास्तर : मलाही ठाऊक आहे. धाकट्याची ओलसुद्धा पावसाचीच होती.

चौकीदार : काय म्हणता?

मास्तर : तेव्हाही ठाऊक होतं. लहानपणापासून त्याला खोटं कधी जमलं नाही. पण रांगेतल्या प्रत्येकाला कुठं ओळखत होतो मी? भावाला सोडलं, तर त्यांना कुठल्या तोंडानं अडवणार होतो? परत पाठवला त्याला. आज माझी बोट आत गेली, तर त्याला कशासाठी पाठवला होता, सांग मला.

चौकीदार : मला नाही सांगता येत.

मास्तर : मग साखळी लाव.

वहिनी : पण मी शब्द दिलाय तुम्हाला. तुम्ही मागितलंत, मी हो म्हटलं. त्याचं काय करू?

मास्तर : रडतेस की काय?

वहिनी : नाही. वारा आहे.

मास्तर : बरं. मग तो वारा पुस, आणि माझ्या पायावरची चादर काढ. गाडीचं मागचं फळकूट खाली पाड. पाय बाहेर सोड माझे. मला तिथवर जाता येत नाही, तर पाणी इथवर आण.

वहिनी : टेंपोत आपली बादली आहे. त्यात आणते.

मास्तर : आपली नको. चौकीची घे. ती या तळ्याबाहेर कधी गेली नाही. आणि उरलेलं पाणी परत तळ्यात ओतायचं नाही. त्या झाडाच्या मुळाशी घाल.

चौकीदार : ही घ्या बादली. नाही तर मीच आणतो भरून, वहिनी. उतार निसरडा झालाय.

वहिनी : नको भाऊजी. हो मी म्हटलं होतं. तुम्ही त्यांच्यापाशी थांबा. चपला इथे काढून ठेवते.

चौकीदार : फाटकाच्या बाजूनं जा. माणसापुरती वाट आहे.

मास्तर : साखळी लावलीस?

चौकीदार : लावली, मास्तर. वहिनी, तुम्ही येईपर्यंत ताजा चहा टाकतो. साखर घालू ना आता?

वहिनी : थांबा जरा. आधी त्यांचे पाय भिजू देत.