शंभरचा बल्ब

तुम्ही एलईडीचं कौतुक करून राहिले, म्हणून सांगतो. राजापेठेतल्या माझ्या रिपेरिंगच्या दुकानात माझे जुने कारागीर उस्मानभाई कम्प्युटरचा कोणताही पॉवर सप्लाय आधी शंभर वॉटच्या, तारेच्या पिवळ्या बल्बसोबत सिरीजमध्ये लावून पाहायचे. बल्ब चमकून विझला तर सप्लाय ठीक, जळतच राहिला तर आत शॉर्ट. मग भाई थकले, परतवाड्याला घरी गेले. दिवाळीत बायकोनं दुकान झाडलं आणि त्या काजळलेल्या बल्बाच्या जागी एलईडी लावला. झालं, येईल तो सप्लाय शॉर्ट दिसे. चार खोलले, एकातही फॉल्ट नाही. शेवटी भाईंना व्हिडिओ कॉल केला.

"सप्लाय राहू दे, मले बल्ब दाखव," भाई म्हणाले. पाहिला आणि हसले. "हा तं जराशा करंटवर पेटते, बावा. हा सगळ्यायलेच चोर म्हनन."

दुसऱ्या दिवशी भाई एसटीनं आले, टॉवेलात गुंडाळलेला शंभरचा बल्ब मांडीवर घेऊन. चारही सप्लाय चांगले निघाले. संध्याकाळपर्यंत आपल्या जुन्या स्टुलावर बसले, आणि निघताना बल्ब काढून पुन्हा टॉवेलात बांधला.

"भाई, हा राहू द्या न इथं."

"इथं ठेवला तं मले बोलावशीन कायले?"