सोनचाफ्याच्या बुडाशी

बेनिटा : पप्पा, गेटपाशी ही पांढऱ्या खडीची पोती कुणी ठेवली?

कॉर्नेलियस : मीच मागवली. तुझ्या नवऱ्याला म्हटलं, नायजेल, सीफहून कामावरून येताना जरा नर्सरीत थांब. हॉटेलातून दमून आला बिचारा, पण काही न विचारता घेऊन आला. तू आधी चहा घे, बाय. दिवसभर वॉर्डात उभी होतीस.

बेनिटा : चहा राहू दे. खडी कशाला हवी होती?

कॉर्नेलियस : झाडांच्या बुडाशी पसरायला. मे लागतोय. उघडी माती दुपारपर्यंत तव्यासारखी तापते इथं आखातात. झाकलेली बरी.

बेनिटा : झाकायला हवी, ते कळतं मला. पण दगडांनी? वसईला शेजारच्यांनी बंगल्यापुढे खडी टाकली, तर तुम्ही आठवडाभर बडबडत होतात. झाडांच्या उरावर धोंडे ठेवलेत म्हणे.

कॉर्नेलियस : म्हटलं असेन तेव्हा. खडी कुजत नाही, वाऱ्याने उडत नाही. एकदा पसरली की परत बघायला नको. शुक्रवारी मी जाणार. तुम्हा दोघांच्या शिफ्टा, टिनाची शाळा. पाला कोण घालत बसणार मागाहून?

बेनिटा : म्हणजे जायचं ठरवूनच टाकलंत. नायजेल व्हिसा वाढवून आणतो म्हणतोय, त्याला साधं हो-नाही केलं नाहीत.

कॉर्नेलियस : सुयोगचा फोन येऊन गेला. तुझा भाऊ म्हणाला, या आता घरी, तिसऱ्या मजल्यावर वारा छान येतो.

बेनिटा : आणि खाली आपल्या वाडीच्या जागी लोकांच्या गाड्या उभ्या असतात. तुम्ही काय करणार तिथं दिवसभर?

कॉर्नेलियस : गॅलरीत बसेन. माझ्या हातून कुणाचं नुकसान तरी होणार नाही.

बेनिटा : हे सगळं त्या सोनचाफ्यामुळे चाललंय ना?

कॉर्नेलियस : कलम मी आणलं, मांडीवर धरून विमानात बसलो. तू इतक्या हौसेनं लावलंस. आणि मीच त्याची पानं करपवली.

बेनिटा : मुद्दाम केलंत का?

कॉर्नेलियस : मुद्दाम कोण करेल. इथं बुदैयाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या शेवाळाचा ढीग बघितला आणि जीव हरखला. आपण वाडीत घालायचो ना ते, मे महिन्यात, नारळाखाली. नंतर चार महिने पाऊस त्याचं मीठ धुऊन न्यायचा. इथं कुठला आलाय पाऊस? मीठ तिथंच राहिलं, आणि नळीचं पाणी पडलं तसं मुळांत उतरलं. जन्मभर वाडी केली मी, बेनू. शेवाळ आधी धुवावं एवढं सुचू नये?

बेनिटा : तुम्ही पसरत होतात तेव्हा मी शेजारी उभी होते. मलाही नाही सुचलं. तुमचीच मुलगी आहे.

कॉर्नेलियस : हसू नकोस.

बेनिटा : हसत नाहीये. शेवाळ काढून टाकलंय, रोज गोडं पाणी सोडतेय. जगेल की नाही, मला सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून तुम्ही बागेत पाऊल टाकलेलं नाही. टिना विचारत होती, तिच्या इंग्लिशमध्ये, की आजोबा माझ्यावर रागावलेत का.

कॉर्नेलियस : तिच्यावर कशाला रागावेन मी?

बेनिटा : तेच सांगितलं तिला. म्हटलं, ते स्वतःवर रागावलेत. तर म्हणाली, मग त्यांना सॉरी कोण म्हणणार?

कॉर्नेलियस : आईवर गेलीय.

बेनिटा : ऐका. कोपऱ्यावरच्या शेतात तो जैनुद्दीन आहे ना, त्याच्याशी बोललेय मी. खजुराच्या वाळक्या झावळ्या उद्या आणून टाकतो म्हणाला. बारीक करून दे म्हटलं, तर म्हणे मशीन मफी, नाहीच त्याच्याकडे.

कॉर्नेलियस : मशीन कशाला लागतंय? कोयत्यानं होतं. पाती वेगळी करायची, दांडा फेकायचा. काटे असतात बुडाला, हातमोजे घाल.

बेनिटा : किती जाड पसरायचं?

कॉर्नेलियस : चार बोटं. पाण्याची नळी खाली, पाला वर. आणि बुंध्याला भिडवायचा नाही, वीतभर मोकळं सोडायचं. नाहीतर साल कुजते, वाळवी धरते.

बेनिटा : मग?

कॉर्नेलियस : मग काय? हळूहळू खालचा थर मातीत जातो, की वरून परत घालायचा. सारखं लक्ष ठेवावं लागतं. म्हणून तर खडी म्हटलं तुला.

बेनिटा : मला नाही जमायचं ते परत घालणं.

कॉर्नेलियस : परकरात होतीस तेव्हा माझ्या मागून केळीत पाला पसरत यायचीस. बुंधा मोकळा ठेव, असं तुला कधी सांगावं लागलं नाही. खोटं बोलतेस, बाय.

बेनिटा : हो, खोटं बोलतेय. सगळं येतं मला. पण तुम्ही गेलात तर मी यातलं काही करणार नाही, घाला खुशाल ती खडी. पप्पा, मम्मीची शेवटची वर्षं मी फोनवर काढली. ती काय जेवली, किती झोपली, सगळं फोनवर. तुमची नाही काढायची मला तशी.

कॉर्नेलियस : अगं, पण ही माती मला कळत नाही. मी इथं चुकतच राहणार.

बेनिटा : चुका की. झाडं नर्सरीत मिळतात.

(कॉर्नेलियस उठून गेटपाशी पोत्यांजवळ जातो.)

कॉर्नेलियस : ती पोती नर्सरीवाला परत घेतो का, विचार म्हणावं नायजेलला.

बेनिटा : सांगते. आणि व्हिसाचं?

कॉर्नेलियस : तेही सांग, वाढव म्हणावं. सुयोगशी मी बोलतो. तू नको करूस फोन, तुला रडू येईल.

बेनिटा : आलंच आहे. उद्या मला सकाळची शिफ्ट आहे, पप्पा. झावळ्या आल्या तरी एकटे तोडायला बसू नका.

कॉर्नेलियस : नाही बसत. टिनाला घेतो हाताशी. तू ये सावकाश.